अकरा मुलांची बस

जुन्या बसचें फिरतें घर करण्याची हौस अमेरिकेंत पुष्कळांस असते. त्यांतली सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे कादंबरीकार केन केसी यांची 'फर्दर'. १९३९ सालची ही शाळेची बस केसींनीं १९६४ मध्यें घेतली, भडक रंगांनीं रंगविली आणि मित्रमंडळींसह कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्क गांठलें. टॉम वुल्फ यांनीं त्यावर ग्रंथहि लिहिला.

आम्हांस कौतुक वाटतें तें तिच्या आधींच्या मालकाचें. त्या गृहस्थास मुलें अकरा! सुटींत त्यांना हिंडवून आणतां यावें म्हणून त्यानें बसमध्यें निजावयाच्या फळ्या, स्वयंपाकाची जागा व न्हाणीघर बसवून घेतलें. एवढ्या बिऱ्हाडाचीं अंथरुणें आणि सकाळची न्हाणीघरापुढील रांग म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. बाकें काढलीं कीं घर झालें, असें नव्हे. पाण्याच्या दर लिटरामागें किलोभर वजन वाढतें. पिंप एका अंगास ठेवल्यास गाडी कलते. आणि फळी पक्की आवळली नाहीं तर पहिल्याच गचक्यास निजलेलें मूल खालीं!

केसींना हा संसार आयता मिळाला. २००५ सालीं ओरेगॉनमधील त्यांच्या शेतांतल्या दलदलींतून ती गंजलेली बस ओढून काढण्यांत आली. लोक तिला अजूनहि केसींचीच बस म्हणतात.