अटुआनच्या अंधारात

फँटसी म्हटलं की आपल्याकडे ओठांवर दोन नावं आधी येतात, टोल्किन आणि रोलिंग. दोघांनाही माझा नमस्कार. पण एकच कादंबरी जवळ ठेवायची झाली, तर मी उर्सुला ले ग्विन यांची १९७१ची ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ उचलीन. एका दुपारीत संपेल एवढं लहानसं पुस्तक. त्यात लढाई नाही, आणि ड्रॅगन येतो तोही गप्पांतून.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. ले ग्विन १९२९ साली बर्कलीत जन्मल्या. वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. या मालिकेचा पहिला भाग ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८मध्ये आला. गोंट बेटावरचा गेड रोक बेटावर जादूच्या शाळेत जातो, हॅरी पॉटरच्या २९ वर्षं आधी! हा गेड तांबूस-सावळा आहे. २००४च्या टीव्ही मालिकेने त्याला गोरा केला, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीरपणे खडसावलं. बरंच केलं.

आता अटुआन. वाळवंटातलं एक देवस्थान, तिथे फक्त बायका आणि खोजे. थोरली पुजारीण वारली त्याच रात्री जन्मलेली तेनार नावाची मुलगी पाचव्या वर्षी आईवडिलांपासून तोडून आणलेली. तिचं नावसुद्धा काढून घेतात. ती म्हणे तीच जुनी पुजारीण, पुन्हा जन्मलेली. तिच्या वाट्याला येते थडग्यांखालची गुहा आणि पलीकडचा चक्रव्यूह. गुहेत दिवा न्यायला सक्त मनाई. तेनार भिंतीवरून हात फिरवत, वळणं मोजत सगळं पाठ करते. ही पानं वाचताना माझे डोळे निरुपयोगी होतात, बोटं जागी होतात. एका किल्ल्यावरच्या भुयारात टॉर्च बंद करून मीही चालून पाहिलं. थोड्याच पावलांत डावं-उजवं कळेना, आणि मागून सोबत्यांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्याच.

गेड अवतरतो तो बऱ्याच उशिरा, चोर म्हणून. त्याच्या काठीच्या उजेडात तेनार आपलीच गुहा पहिल्यांदा बघते. भिंतींवर स्फटिक झळाळत असतात! इतकी वर्षं जी जागा ती तळहातासारखी ओळखत होती, तिचं रूप तिला ठाऊकच नव्हतं. आणि तिला आनंद होत नाही, संताप येतो. माझ्या वाचनातला याहून थोर जादूचा प्रसंग मला आठवत नाही, आणि त्यातली जादू म्हणजे नुसता उजेड. तेनार त्याला आत कोंडते, तहानेने मरू द्यायचं ठरवते, मग पाणी नेऊन देते, आणि शेवटी त्याच्यासोबतच तिथून बाहेर पडते.

सुटकेनंतरचा भाग तर मला जास्तच आवडतो. दुसरा लेखक असता तर तिथे सनई-चौघडे वाजले असते. तेनार मात्र मोकळी झाल्यावर रडते, घाबरते, गेडवर सुरीसुद्धा उचलते. माझी भाची म्हणते, “मामा, सुटल्यावर कोण असं वागतं?” मी म्हणतो, जी कधीच सुटी नव्हती ती.

१९९०च्या ‘तेहानू’त हीच तेनार शेतकऱ्याची विधवा होऊन भेटते. गेडची विद्या गेलेली, आणि घरात आगीत होरपळलेलं एक पोर. साहसाच्या आशेने आलेले वाचक इथे हिरमुसतात. बकऱ्या, चूल, म्हातारपण ही कसली फँटसी, म्हणून. मला मात्र मोठेपणी लिहिलेली ही जोड मूळ गोष्टीच्या तोडीची वाटते. पहिला भाग वगळून थेट अटुआनमध्ये शिरलात तरी काही अडत नाही.