पुराची आठवण आणि पूररेषा

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने १८७९ सालचे खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी फोडले. पुण्यात या दिवसाचे स्मरण निघाले की पाण्याखाली गेलेला लकडी पूल आणि पेठांतील कोसळलेले वाडे आठवतात. ते साहजिकच आहे. परंतु शहरात शिरण्यापूर्वी ते पाणी नांदेड, शिवणे, वारजे, हिंगणे या शेतकरी गावांच्या शिवारांतून आले होते. त्या शिवारांची आठवण मात्र पुण्याच्या इतिहासात तळटीपेपुरतीच उरली.

यांपैकी हिंगणे बुद्रुक म्हणजेच आजचे कर्वेनगर. १९०० साली महर्षी कर्वे यांनी आपला बालिकाश्रम येथे नेला, तेव्हा हे शहरापासून दूरचे खेडे होते. मुठेकाठच्या अशा खेड्यांचे एक साधे शहाणपण असे: काठच्या गाळवट जमिनीत पीक घ्यावे, घर मात्र चढावर बांधावे. पावसाळी पुराने हंगाम बुडे, संसार वाचे. पानशेतच्या पुराने हे गणितही चुकविले. कारण तो पूर काम अपुरे असताना साठविलेल्या पाण्याचा होता. पडलेले घर पुन्हा उभारता येते. खरवडून गेलेली माती पुन्हा साचण्यास पिढ्या जातात.

पुढे ती शेतेच गेली. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात नदीलगत रस्ता झाला, मंगल कार्यालये उभी राहिली. दोन्ही तीरांवर इमारती आल्या. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सेकंदाला सुमारे ३५ हजार घनफूट पाणी सुटले, तेव्हा समोरच्या तीरावरील एकतानगरीत ते घराघरांत शिरले. या वेळी धरण फुटले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची लाल, अशा दोन रेषा सरकारी नकाशावर आखल्या जातात. जुन्या शेतकऱ्यांनी जे अनुभवाने पाळले, तेच या रेषा कायद्याच्या भाषेत सांगतात. त्या वाकविण्याची मागणी होईल तेव्हा पालिकेने आणि नागरिकांनी १९६१ चे स्मरण ठेवावे. स्मृतिदिन पाळण्यापेक्षा पूररेषा पाळणे अधिक कठीण आहे. परंतु मुठेकाठच्या माणसांचे रक्षण त्यानेच होईल.