सोलर पॅनेलची कार्यक्षमता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘कार्यक्षमता २१ टक्के, म्हणजे ७९ टक्के वीज वाया.’

ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ९५ टक्क्यांहून अधिक असते. त्याच्याशेजारी २१ हा आकडा दरिद्री वाटणारच. पण वाया जाते ती वीज नव्हे, न वापरलेले ऊन. आणि उन्हाचे बिल येत नाही. शिवाय मर्यादा निसर्गाचीच आहे. कमी ऊर्जेचे प्रकाशकण सिलिकॉनमध्ये वीज निर्माण करू शकत नाहीत, जास्त ऊर्जेच्या कणांची वरकड ऊर्जा उष्णतेत जाते. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये हा हिशेब मांडला. त्यानुसार एकाच जोडाच्या सेलची कमाल मर्यादा सुमारे ३३ टक्के ठरते, सिलिकॉनची प्रत्यक्षात २९च्या आसपास. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतला पहिला उपयुक्त सिलिकॉन सेल ६ टक्क्यांवर होता, हेही लक्षात घ्यावे.

‘जास्त कार्यक्षमतेचे पॅनेल जास्त युनिट देते.’

फ्रिजवर तारे जास्त तर बिल कमी, या अनुभवातून हा समज येतो. इथे मात्र हिशेब क्षेत्रफळाचा आहे. कार्यक्षमता म्हणजे पॅनेलचे वॅट भागिले (चौरस मीटर गुणिले १०००), कारण चाचणीत दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश पाडतात. ५५० वॅटचे पॅनेल २.५८ चौरस मीटरचे असेल, तर कार्यक्षमता २१.३ टक्के. तेच ५५० वॅट १९ टक्क्यांच्या पॅनेलमधून हवे असतील, तर सुमारे २.९ चौरस मीटर लागतील. युनिट जवळपास तितकीच. अडते फक्त गच्चीवरच्या जागेचे. जागा मुबलक असेल तर त्या दोन टक्क्यांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘मल्टिमीटरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट मिळतात.’

सूत्र बरोबर, मोजणी चुकीची. तारा मोकळ्या ठेवून ५० व्होल्ट दिसतात तेव्हा प्रवाह शून्य असतो. तारा जोडून १४ अँपिअर दिसतात तेव्हा व्होल्टेज शून्य. गुणाकार ७०० येतो, पण तो क्षण पॅनेलच्या आयुष्यात कधीच येत नाही.

‘ऊन जितके तापते तितकी वीज जास्त.’

सर्वांत चिवट समज हाच, कारण मे महिन्यात युनिट खरोखरच भरपूर येतात. ती येतात प्रखर प्रकाशामुळे आणि मोठ्या दिवसामुळे. उष्णता उलट नुकसान करते: सेल तापला की त्याचे व्होल्टेज घसरते. चाचणी २५ अंशांवर होते. विदर्भातल्या दुपारी सेल ६५ अंशांवर सहज पोचतो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांत १४ टक्के, म्हणजे ५५०चे ४७३ वॅट. ही घट ५५० वॅटमधली आहे; २१.३ मधून १४ वजा करून ७ टक्के काढणारेही भेटतात. खरे उत्तर १८.३. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळू द्यावा. आणि कोटेशन हाती आले की कार्यक्षमतेबरोबर डेटाशीटवरचा तापमान गुणांकही, म्हणजे दर अंशाची ही घट, विचारावा. उणे ०.४०पेक्षा उणे ०.३० केव्हाही बरा.