घरच्या फुलझाडांची देवघेव

दापोलीकडील परसांत अबोली, मोगरा, जास्वंद व सोनचाफा हीं सर्वांच्या आवडीचीं फुलझाडें. तीं बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणिलीं जातात. ही चाल उत्तम होय. मात्र झाडासोबत रोग घरीं येऊं नये.

अबोलीच्या मुळांस सूत्रकृमि लागतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत. मुळांवर गांठी येतात, पानें पिवळीं पडतात व झाड खंगत जाऊन मरतें. हे कृमि मुळांशीं असलेल्या मातीबरोबर पसरतात. सबब मातीसह उपटलेलें रोप देऊं अगर घेऊं नये. निरोगी झाडाचें पक्व बीं घ्यावें. सुकलेल्या बोंडास पाणी लागतांच तें तडकून बीं दूर उडतें, यास्तव बोंडें कोरडीं असतांनाच खुडावीं.

मेलेलें झाड मुळांसकट काढून जाळावें. त्या जागीं पुन्हां अबोली न लावितां एक हंगाम झेंडू लावावा; त्याच्या मुळांतील द्रव्यानें कृमि कमी होतात. आपल्याकडे उतारावर पावसाचें पाणी वरची माती खालच्या वाफ्यांत नेतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

जास्वंद व मोगरा यांच्या वीतभर फांद्या पावसाळ्याच्या आरंभीं लावाव्या. सोनचाफा बियांपासून फुलण्यास बरींच वर्षें लागतात. त्याचें कलमच घ्यावें व लावण्यापूर्वीं मुळें पाहावीं. संशय आल्यास रोगट मूळ १९७२ सालीं दापोलीस स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांतील जाणत्यांस दाखवावें.