डोळ्यांनी पाहिलं, तरीसुद्धा?

आज आठवणींबद्दल बोलू. आपल्याला जे स्पष्ट आठवतं, ते तसंच घडलेलं असतं का?

बरेच जण समजतात की डोक्यात एक व्हिडिओ साठवलेला असतो, हवा तेव्हा काढून लावायचा. तसं नाही. मेंदू प्रसंगातले मोजके तुकडे ठेवतो आणि आठवताना मधल्या जागा भरून गोष्ट नव्याने जुळवतो. त्या भरतीत नंतर ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलंही असतं, आणि ते कधी मिसळलं याचा पत्ता लागत नाही.

२८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान आकाशात फुटलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे आणि कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं. साधारण चौथा हिस्सा मुलांचं सगळंच चुकलं होतं, आणि तरी अनेकांना आपल्या उत्तराची खात्री होती. स्वतःचा जुना कागद दाखवला, तरी मूळची आठवण परत आली नाही.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात 'धडकल्या' असा साधा शब्द असला, तर उत्तर सरासरी ताशी ३४ मैल. 'चक्काचूर झाल्या' अशा थाटाचा असला, तर जवळजवळ ४१. फिल्म तीच.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. डोंगरी रस्त्यावर एक थ्री टनर उलटला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सदस्य होतो. मागे बसलेल्या चार जवानांचे जबाब तीन आठवड्यांनी झाले, आणि तोवर चौघांच्या खाटा एकाच वॉर्डात होत्या. चौघंही म्हणाले, गाडी भरधाव होती. ताडपत्रीखाली बसलेल्याला रस्ता दिसतो किती? पण चार साक्षी एकसारख्या म्हटल्यावर ड्रायव्हरची नोकरी जाण्यातच जमा होती.

मग एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये नर्सिंग असिस्टंटने त्याच रात्री लिहिलेल्या चार ओळी मिळाल्या. चौघांपैकी दोघांनी तेव्हा सांगितलं होतं, की गाडी हळू चालली होती, समोरून हॉर्न आला आणि एकदम ब्रेक लागला. दोघांना परत बोलावलं. आपण असं बोललो, हेच त्यांना आठवेना. खोटं कुणीच बोलत नव्हतं. वॉर्डातल्या गप्पांत चार आठवणींची एक झाली होती. कोर्टाने रात्रीची नोंद धरली आणि ड्रायव्हर सुटला. जबाब शब्दाला शब्द जुळले, की मला तेव्हापासून बरं वाटायचं नाही.

कुणी म्हणेल, जिवावर बेतलेलं माणूस कसं विसरेल? अमेरिकी सैन्यात युद्धकैदी झाल्यास कसं तग धरायचं, याचं कठोर प्रशिक्षण असतं. तिथल्या पाचशेहून अधिक सैनिकांवरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धाकदपटशाने उलटतपासणी करणारा माणूस चाळीसेक मिनिटं समोर होता. दुसऱ्या दिवशी रांगेतून त्याला बरोबर ओळखणारे १०० पैकी ३० च्या आसपास निघाले. ज्याने दमदाटी केली नाही, त्याला ओळखणारे त्याच्या दुप्पट. भीतीत नजर धोक्यावर खिळते आणि चेहरा निसटतो.

तेव्हा उद्या तुमच्यासमोर अपघात झाला किंवा चोरी झाली, तर घरी कुणाला सांगण्याआधी लिहून ठेवा, नाहीतर फोनवर बोलून ठेवा. तारीख आणि वेळ घाला. जे दिसलं नाही, त्यापुढे 'दिसलं नाही' असंच लिहा. दुसऱ्या साक्षीदाराला विचारायचं असेल, तर 'काय झालं?' एवढंच विचारा. 'किती जोरात होता हो तो?' नको. आणि पोलिसांची ओळख परेड व्हायची असेल, तर ग्रुपवर फिरणारा संशयिताचा फोटो उघडू नका. एकदा तो पाहिलात, की परेडमध्ये तुम्ही चोराला ओळखताय की फोटोला, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.