अंतर्गत संगणक जाळे : निवडक नावांचे स्थानिक पत्ते

आपल्या रुग्णालयाच्या संगणकीकरणास देणगीदारांचे मोठे साहाय्य लाभले आहे. त्या यंत्रणेतील, सहसा दृष्टीस न पडणाऱ्या एका भागाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

केसपेपरच्या खिडकीवरील कर्मचारी रुग्णाची नोंद उघडतो, तेव्हा त्याच्या संगणकास सर्व्हरचे केवळ नाव ठाऊक असते. नावावरून अंकी पत्ता सांगण्याचे कार्य डीएनएस ही व्यवस्था करते. तिची मांडणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली केली. तत्पूर्वी सर्व नावांची एकच यादी प्रत्येक संगणकावर उतरवून घ्यावी लागे.

आमच्या नोंदींचा सर्व्हर तळमजल्यावर आहे. तथापि, डॉक्टरांना घरूनही अहवाल पाहता यावेत म्हणून त्याच्या नावापुढे बाह्य पत्ता नोंदवलेला आहे. परिणामी, वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेच्या संगणकासही तोच बाह्य पत्ता मिळतो, आणि आतून निघून पुन्हा आतच वळणारी अशी वाहतूक अनेक राउटर स्वीकारत नाहीत. इंटरनेट खंडित झाल्यास तर पत्ता विचारण्याचीच सोय उरत नाही. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर, त्याचा रक्तगटाचा अहवाल त्याच इमारतीत, आणि तरीही तो उघडत नाही, ही स्थिती कोणत्याही रुग्णालयास परवडणारी नाही.

यावर उपाय म्हणून इमारतीतच एक लहान डीएनएस सर्व्हर ठेवला जातो. त्यासाठी अनबाउंड किंवा डीएनएसमास्क यांसारख्या विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत. कार्यालयीन संगणक प्रथम त्यालाच विचारतात. निवडलेल्या नावांसाठी तो १९२.१६८ने सुरू होणारा आतील पत्ता देतो. अन्य सर्व प्रश्न बाहेर पाठवतो.

येथे ‘निवडलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णालयाचे संपूर्ण डोमेन आपलेच, असे आतील सर्व्हरला सांगितले, तर यादीत नसलेले प्रत्येक नाव तो अस्तित्वातच नाही असे उत्तर देतो. मग बाहेरच्या सर्व्हरवर असलेले संकेतस्थळ आणि ईमेल जगभर सुरू राहतात, पण रुग्णालयातच दिसेनासे होतात! म्हणून अनबाउंडमध्ये डोमेनचा प्रकार ‘ट्रान्सपरंट’ ठेवावा लागतो. डीएनएसमास्कमध्ये ‘अॅड्रेस’ ही सूचना नावाखालील सर्व उपनावांनाही लागू होते. एकाच नावापुरते ‘होस्ट-रेकॉर्ड’ योग्य.

सुरक्षिततेविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नावाशी बांधलेले असते, पत्त्याशी नव्हे. त्यामुळे पत्ता बदलूनही ते वैध राहते. डॉक्टरांचा लॅपटॉप घरी गेल्यावर आतील पत्ता फार काळ स्मरणात ठेवू नये, याकरिता उत्तराची मुदत ३०० सेकंद ठेवणे पुरेसे होते. काही ब्राउझर मात्र आतील सर्व्हरला वगळून स्वतःच बाहेर विचारणा करतात. कार्यालयीन संगणकांवर ती सोय बंद ठेवावी लागते.

याच साधनाने कोणतेही नाव कोठेही वळवता येते, हे आम्ही विश्वस्तांपासून लपवू इच्छित नाही. म्हणून यादीत केवळ रुग्णालयाचीच नावे ठेवली असून प्रत्येक बदलाची नोंदवहीत नोंद होते. नातेवाइकांसाठीचे वाय-फाय वेगळे आहे. त्यावर ही यादी लागू नाही.