चाकाएवढी वाट

अलास्कातल्या अँकरेज शहरात लेक हूड नावाचं तळं आहे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा हा जगातल्या अत्यंत गजबजलेल्या तळांपैकी एक. शेजारीच खडीची एक छोटी धावपट्टी आहे. तिच्या कडेला उभी असलेली विमानं पाहताना नजर आधी चाकांवर जाते. विमान जेमतेम दोन माणसांचं, आणि खाली गुबगुबीत, गुळगुळीत टायर. शेळीला हत्तीचे पाय लावावेत तसे.

यातलं लाडकं विमान म्हणजे पायपर कंपनीचं सुपर कब. १९४९ साली आलेलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकामागे एक दोन आसनं, शेपटीखाली छोटं चाक. भरलेल्या विमानाचं वजन १,७५० पौंडांपर्यंत, म्हणजे आठशे किलोंच्या आत. अलास्कात पाच महाराष्ट्र मावतील, पण राजधानी जुनोलासुद्धा बाहेरून रस्ता जात नाही. शिकाऱ्याला किंवा मासेमाराला आत सोडायचं, तर उतरायला मिळतो नदीपात्रातला गोट्यांचा पट्टा, नाहीतर टुंड्राची भुसभुशीत जमीन.

सुपर कबचं मूळ चाक साधारण दीड फूट व्यासाचं. इथले वैमानिक २६, २९, ३१, अगदी ३५ इंचांपर्यंत जातात. पण खरी करामत उंचीपेक्षा हवेची. टायरमध्ये २५ पौंड हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक चाक सहा इंचांच्या चौकोनावर टेकतं. हवा ८ वर आणली, की तोच चौकोन साडेदहा इंचांचा होतो. भार तोच, पण तिप्पट जागेवर वाटलेला. चिखलात बैलगाडीची लोखंडी धाव रुतते आणि टायरची गाडी निघून जाते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय मोठं चाक गोट्याला अडखळत नाही. मऊ रबर त्याला पोटात घेऊन पुढे सरकतं.

इतक्या कमी हवेत एक नवीन दुखणं उद्भवतं. ब्रेक लागला की रिम थांबते, टायर तिच्यावर घसरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो. अलास्कन बुशव्हील या टायरमध्ये वॉल्व्ह रिममधून न काढता टायरच्या बाजूच्या भिंतीतच बसवला. आता टायर घसरला, तरी वॉल्व्ह त्याच्याबरोबर फिरतो.

मग सगळेच ३५ इंची का लावत नाहीत? कारण प्रत्येक इंचाची किंमत हवेत मोजावी लागते. सुपर कबची चाकं पोटात जात नाहीत. ती वाऱ्यात तशीच लोंबतात. वेग घटतो, इंधन जास्त लागतं आणि वाढलेलं वजन मालातून वजा होतं. ब्रेकचं गणितही बिघडतं. व्यास १८ वरून ३१ इंचांवर गेला आणि ब्रेक जुनाच ठेवला, तर रोखण्याचा जोर चाळीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणून ब्रेकही बदलावे लागतात. अशा बदलांना अमेरिकी हवाई प्रशासनाची मंजुरीही लागते.

उंच चाकांनी नाक जवळपास अर्धा फूट वर उचललं जातं. त्याने पंखा गोट्यांपासून लांब राहतो, आणि उतरताना शेपूट टेकण्याआधी नाक आणखी थोडं वर धरता येतं, म्हणजेच आणखी हळू उतरता येतं. पण जमिनीवर चालवताना समोरचं दिसणं कमी होतं. डांबरी धावपट्टीवर मऊ रबर भराभर झिजतं, ते वेगळंच.

म्हणून जाणता वैमानिक आधी वर्षभरात आपण कुठे कुठे उतरलो ते आठवतो. बहुतेक फेऱ्या खडीच्या पट्टीवर झाल्या असतील, तर २६ इंचांवर भागतं. फुटबॉलएवढे गोटे असलेल्या नदीपात्रात रोजचं जाणं असेल, तर ३१. लेक हूडच्या रांगेत उभ्या दोन कबांचा रंग एकच असू शकतो. त्यांचे मालक कुठल्या वाटेने जातात, ते मात्र चाकांकडे पाहूनच कळतं.